टाकीचा माथा

जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये पेट्रोलचा वास येऊ लागला, तर तो नेहमी येतो की टाकी काठोकाठ भरल्यावरच येतो, हे आधी बघायचं असतं. आमची फोक्सवॅगन टी-थ्री ऐंशीच्या दशकातली. तिला फक्त टाकी भरल्यावर वास यायचा आणि अर्धी रिकामी झाली की जायचा. म्हणजे गळती टाकीच्या माथ्यावरच्या रबरी पाइपांत किंवा वायसरांत होती. हे मला तेव्हाही कळत होतं.

तरी मी नवी टाकी मागवली. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळे आमच्या गाडीच्या पोटाखाली जे दिसेल ते तांबूस झालेलं, टाकीसुद्धा. गंज समोर दिसत होता, म्हणून दोष त्याच्याच माथी मारून मी मोकळा झालो.

या गाडीचं इंजिन मागे आणि टाकी पुढे, सीटांच्या खाली, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली असते. तीत साठेक लिटर पेट्रोल मावतं. पंपाच्या जमिनीखालच्या हौदातून आलेलं थंड पेट्रोल उन्हात फुगतं. पंधरा अंशांनी तापलं तर साठ लिटरमागे पाऊण लिटरहून जास्त वाढतं. त्याला जागा मिळावी म्हणून पुढच्या चाकांच्या कमानींत दोन छोट्या प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. तिकडे जाणारे पाइप मुख्य टाकीच्या माथ्यावरून निघतात. टाकी एकदा वर चढवून पट्टे आवळले की त्या जोडांपर्यंत बोटही पोचत नाही. जे काही करायचं ते टाकी खाली असतानाच करायला हवं.

पट्ट्यांचे बोल्ट गंजून बसले होते, ते कापावे लागले. टाकी उतरवण्यात खांदे भरून आले. जुने पाइप काढून हातात घेतले तर काळेभोर, अखंड वाटले. नवे पाइप आणि वायसर मागवले असते तर ते सुट्टी सुरू झाल्यावर आले असते. मी जुनेच पाइप पुसले आणि नव्या क्लिपा लावून परत बसवले. तेवढ्यात बायको गॅरेजच्या दारात आली.

"पाइपही नवे घातलेस ना रे?"

"हो. सगळं नवं आहे."

खरं सांगायला फार तर अर्धं मिनिट लागलं असतं, आणि ऐकून ती म्हणाली असती, थांबू या आठवडाभर. तेच मला ऐकायचं नव्हतं.

आम्ही वेल्समध्ये स्नोडोनियाला गेलो. संध्याकाळी मी टाकी गच्च भरली. रात्री गारठा होता, खिडक्या बंद होत्या. सकाळी ऊन थेट गाडीवर आलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती तळाशी साचते. मुलगी खालच्या बाकावर झोपली होती, म्हणून पहिला वास तिला आला. "आई, कसला वास येतोय?" बायको तेव्हा चहासाठी गॅसच्या शेगडीपाशी उभी होती, हातात लायटर होता. पेट्रोलची वाफ पेटायला उणे चाळीस अंशांची थंडीही आड येत नाही, फक्त ठिणगी पुरते. तिने लायटर खिशात टाकला, मुलीला अंथरुणासकट उचललं आणि बाहेर गवतावर नेऊन उभं केलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "पाइप नवे होते ना?" मी नाही म्हणालो.

परतीच्या प्रवासात त्या दोघी गाडीत बसल्या नाहीत, रेल्वेने आल्या. मुलगी त्यानंतर त्या गाडीत कधीच झोपली नाही.

टाकी पुन्हा उतरवली. एका पाइपाला वळणाच्या आतल्या बाजूने चीर होती. सरळ धरला की ती मिटायची, वाकवला की उघडायची. इथे २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात, आणि ऐंशीच्या दशकातलं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. भारतात तर आता वीस टक्क्यांची मिसळ आहे. तिथे जुनी पेट्रोल गाडी जपणाऱ्याने हे पाइप आधी वाकवून बघावेत. मी या वेळी इथेनॉल सोसणारे पाइप, नवे वायसर आणि भरणीच्या नळीचं सील असं सगळं घातलं.

जुनी टाकी अजून गॅरेजमागे पडून होती. तिची तोंडं बंद करून तीत पाणी भरलं आणि रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवली. सकाळी फरशी कोरडीच होती. गंज नुसता वरवरचा होता.

त्या दिवशी जेवताना मी हे बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "टाकीचं राहू दे. तू हो का म्हणालास?"

"गाडीखाली परत झोपायचा कंटाळा आला होता," मी म्हणालो. "आणि सुट्टी पुढे ढकलायची नव्हती."

"एवढंच?"

"एवढंच."