आमसूल शेवटी

चव मसाल्यात असते, असं मी अनेक वर्षं ठामपणे मानत आले. लालबागमध्ये वाढलेल्या मुलीनं दुसरं काय मानावं? होळी झाली की मसाला गल्लीत मिरच्यांच्या राशी लागायच्या. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी, ठसक्याला मूठभर लवंगी. धणे, दगडफूल, नागकेशर, बादियान, हळकुंडं घरी भाजायची, डंकावर रांग लावायची आणि मसाला आपल्या डोळ्यांदेखत कुटून घ्यायचा. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि ते सहसा कुणी सांगत नसे. त्या प्रमाणातच घराची चव दडलेली असते, या समजुतीवर मी संसार केला.

त्यामुळे पुरवण्यांमधली ‘स्वयंपाकातल्या युक्त्या’ ही चौकट मी कधी वाचली नाही. ज्याला स्वयंपाक येत नाही त्याच्यासाठीची ती मलमपट्टी, असं वाटायचं. आज माझं मत नेमकं उलट आहे. रोजच्या वरणभाताचा, भाजीभाकरीचा स्वयंपाक म्हणजे मुख्यतः या युक्त्याच. काय आधी, काय मागून, झाकण कधी, पाणी कसलं. मसाला त्यानंतर येतो.

हे मत बदललं ते परळच्या आमच्या चाळीतल्या मावशींमुळे. त्या एके काळी खाणावळ चालवत. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या. घाटावरून आणि कोकणातून आलेले गिरणी कामगार, कुटुंब गावाला, इथे एका गाळ्यात पाळीपाळीनं झोपणारे. त्यांना दोन वेळचं जेवण याच बायकांनी घातलं. कामगार पैसे देणार पगाराला, वाण्याची उधारी मात्र रोजची, म्हणून सावकाराचं व्याज डोक्यावर. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खाणावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, तेव्हा कुठे यातल्या अनेकींची त्या व्याजातून सुटका झाली. जानेवारी 1982 मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पगार थांबले आणि जेवणाऱ्यांबरोबर खाणावळींचाही आधार गेला.

अशा घरात मसाला सढळ हातानं घालणं परवडणारच नव्हतं. रॉकेल मोजून, गिरणीच्या भोंग्याआधी डबे तयार. तरी मावशींच्या आमटीला जी चव होती ती माझ्या, वर्षाचा मसाला घातलेल्या आमटीला नव्हती. हे कबूल करायला मला फार वेळ लागला. त्यांच्या ओट्यापाशी उभं राहून बघितलं तेव्हा उलगडलं.

पहिली गोष्ट आमसुलाची. मी बटाट्याच्या रश्शात किंवा चवळीच्या उसळीत आमसूल पाण्याबरोबरच टाकत असे, म्हणजे आंबटपणा नीट उतरेल. मावशी म्हणाल्या, “अगं, आंबट आधी घातलंस की बटाटा रुसतो. आधी त्याला शिजू दे.” यामागचं कारण मी नंतर वाचलं. भाजीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात सहजी विरघळत नाही, म्हणून बटाटा कितीही उकळला तरी आतून करकरीत राहतो. चिंच, टोमॅटो, ताक, सगळ्यांना हाच न्याय. आता माझ्याकडे आमसूल शेवटी पडतं, पाच मिनिटं उकळतं, बस.

दुसरी गोष्ट झाकणावरच्या पाण्याची. फ्लॉवर-बटाटा, कोबी, गवार परतली की वर खोलगट ताटली ठेवायची आणि ताटलीत पाणी. आतली वाफ गार ताटलीला लागून थेंबांनी परत भाजीत पडते, भाजी आपल्याच ओलाव्यात शिजते आणि तळाला लागत नाही. पाणी कमी वाटलंच तर ताटलीतलं गरम पाणी तयार असतं. शिजत्या भाजीत गार पाणी ओतलं की शिजणं मध्येच थांबतं. मावशींना एका स्टोव्हवर भाजी आणि गरम पाणी दोन्ही साधायचं होतं. मला चार बर्नर असूनही यापेक्षा चांगला उपाय सापडलेला नाही.

पण पालेभाजीला हे झाकण चालत नाही. दादरच्या मंडईतून आणलेली कोवळी मेथी झाकून शिजवली की काळपट पडते, कारण पानांतली आम्लं वाफेबरोबर बाहेर न जाता आतच राहतात आणि हिरवा रंग मारतात. मेथी उघडीच शिजवायची, मोठ्या आचेवर, झटपट.

मग परतणं. कांदा-खोबऱ्याचं वाटण ‘तेल सुटेपर्यंत’ परता, असं प्रत्येक पुस्तक सांगतं आणि मी घाईत ते वाक्य ओलांडून जायची. वाटणात पाणी आहे तोवर ते 100 अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि तेवढ्या उष्णतेला खमंगपणा येत नाही. पाणी उडून तेल कडेला दिसू लागलं की वाटण खऱ्या अर्थानं भाजायला लागतं. पुढची चारपाच मिनिटं सगळ्यांत मोलाची. मी ती वाचवत होते आणि चवीची उणीव भरायला आणखी एक चमचा मसाला घालत होते. मसाल्याचा रंगही तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून तो रश्शावर न भुरभुरता मंद आचेवर तेलात टाकायचा आणि लगेच पाण्याचा हबका मारायचा, म्हणजे करपत नाही. हिंगही मोहरी तडतडल्यावर, तेलातच. आता मी वर्षाचा मसाला पूर्वीच्या निम्मा करते आणि तो पुरतो.

भाकरीबद्दल थोडक्यात. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ उकळत्या पाण्यानं मळायचं. त्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकटपणा येतो आणि भाकरी थापताना कडा फाटत नाहीत. पोळीची कणीक मात्र साध्या पाण्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेवायची.

बोंबील तळण्याआधी पाटा ठेवून दाबतात, त्यातलं पाणी निघतं. हे आमच्याकडे सगळ्याच घरी करत. यालाही कुणी युक्ती म्हटलं असतं तर मी तेव्हा नाक मुरडलं असतं!

मावशींचं सगळंच मी घेतलं असं नाही. हरभऱ्याच्या उसळीत त्या चिमूटभर सोडा घालत. सोड्यानं कडधान्य लवकर शिजतं, रॉकेल वाचतं, त्यांची गरज मला समजते. पण सोड्यानं ब1 जीवनसत्त्व नासतं आणि उसळीला साबणासारखा वास येतो. मी हरभरे रात्रभर भिजवते आणि कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त काढते. हे ऐकून मावशी म्हणायच्या, “तुझ्याकडे गॅस आहे बाई.” त्यावर मला उत्तर सुचलं नव्हतं. सोडा मात्र मी अजून घातलेला नाही.