खेळच तर होता!

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याने कारीट चिरडले, की नरकासुर मेला! किती सोपे! साहित्यातला खलनायकही असाच सोयीचा. तो रंगभूमीवर आला, की प्रेक्षागृहातला प्रत्येक गृहस्थ आपोआप सज्जन ठरतो. पण कोकणात त्या चिरडलेल्या कारिटाचा कडू रस आपल्याच जिभेला लावण्याची चाल आहे. थोर साहित्य नेमके हेच करते.

द्यूतसभेचेच पाहा ना! तिथला दुष्टपणा एकट्या शकुनीच्या मुठीत मावत नाही. पत्नीला पणाला लावतो तो धर्मराज. ती भर सभेत प्रश्न विचारते, तेव्हा धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून मोकळे होतात ते भीष्म. कौरवांच्या शंभर भावांत तिच्या बाजूने उठतो तो एकटा विकर्ण. आणि हे सारे घडते कशात? तर खेळात!

खेळाचा हा आडोसा दुष्टपणाला मोठा मानवतो. विल्यम गोल्डिंग हा इंग्रज लेखक पेशाने शाळामास्तर. दुसऱ्या महायुद्धात तो आरमारात होता. १९५४ साली त्याची 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज' ही कादंबरी निघाली. जी. ए. कुलकर्णी यांनी ती मराठीत आणली. निर्जन बेटावर सापडलेली शाळकरी मुले प्रथम शहाण्यासारखे नियम करतात : शंख ज्याच्या हाती, त्यानेच बोलायचे. पुढे शिकारीचा नाच सुरू होतो आणि नाचाच्या भरात सोबत्याचाच जीव जातो. शेवटी सुटकेला आलेल्या आरमारी अधिकाऱ्याला आधी वाटते, पोरांचा काहीतरी खेळ चाललाय. आणि तो स्वतः उतरलेला असतो युद्धनौकेवरून!

इतक्या दूरच्या बेटावर तरी कशाला जायचे? विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली रंगभूमीवर आले. प्रयोगासाठी एका गावी आलेली हौशी मंडळी हाती वेळ आहे म्हणून लुटुपुटीचा खटला भरवितात. आरोपी कोण, तर त्यांच्यातल्याच बेणारेबाई, एका शाळेतल्या शिक्षिका. बघता बघता त्यांचे खरे आयुष्य पिंजऱ्यात उभे राहते. मंडळी तुमच्या-आमच्यासारखीच, कुणाच्या हाती सुरा नाही. आणि सारे आटोपल्यावर तेच त्यांची समजूत घालतात, की हा नुसता खेळ होता!

हे नाटक मी वर्गात वाचून घेतो. पहिल्या अंकाला पोरे मनमुराद हसतात. तिसऱ्या अंकाला वर्ग गप्प होतो. एका वर्षी तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, खटला खोटा होता तोवर आपण हसलो. पण बाई तर पहिल्या अंकाच्या शेवटीच घाबरल्या होत्या ना?"

मी नुसती मान हलविली. तिला जे उमगले होते, त्यात भर घालण्यासारखे माझ्यापाशी काहीच नव्हते.

आता दिवाळी आहे. फराळाच्या ताटांभोवती मंडळी जमतील. कुणाची तरी थट्टा निघेल : नोकरी न लागलेल्या पुतण्याची, लग्न लांबलेल्या भाचीची. हसण्याचा चांगला गलका होईल. वाचकहो, त्या वेळी हसणाऱ्यांकडे पाहू नका. ज्याची थट्टा चालली आहे, त्याच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहा. आणि जमले, तर विकर्णासारखे उठून विषय बदला.