वाचणाऱ्याचं अक्षर

जुन्या पोथ्यांचं अक्षर एवढं ठळक का, हे घरात अधू डोळ्यांचं माणूस असलं की लगेच कळतं. पोथी चौरंगावर असते, वाचणारा तिच्यापासून हातभर लांब बसतो, आणि बहुतेकदा तो म्हातारा असतो. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळापासून छापलेल्या पोथीनं या म्हाताऱ्या डोळ्यांची आठवण ठेवली: रुंद अक्षर, काळीभोर शाई, ओळींमध्ये ऐसपैस जागा.

माझी आत्या नर्सी नामदेवच्या बाजूला राहते. साखरेच्या आजारानं तिच्या डोळ्यांचा पडदा खराब केलाय. त्याला चष्म्याचा इलाज नाही. चष्मा लावूनही बऱ्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत असेल तर अशा नजरेला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा अल्पदृष्टी म्हणतो. आत्या म्हणते, "दिसतंय रे, पण उमगंना." पोथी ती अजून वाचते. हळदीचा भाव मात्र फोनवर येतो, आणि तिथं ती अडते.

"ह्यो एक हाय का नऊ?"

करड्या रंगातलं बारीक अक्षर, मागं पांढरं. देवनागरीत अशा वेळी १ आणि ९ जवळजवळ सारखेच दिसतात. घ आणि ध, म आणि भ यांना वेगळं करणारी शिरोरेषेतली इवलीशी फट अंधुक नजरेला बुजलेलीच दिसते. रोमन लिपीला वर-खाली एवढं काही सांभाळावं लागत नाही. आपल्या अक्षराला डोक्यावर रफार आणि अनुस्वार, पायाशी उकार. ओळींतलं अंतर आधीच बांधून टाकलं, तर अक्षर मोठं करताच मात्रा कापल्या जातात. इंग्रजीचं माप जसंच्या तसं मराठीला लावणाऱ्यांचा मला राग येतो तो यामुळे.

फोनवरची काही पानं दोन बोटांनी ताणली तरी हलत नाहीत. पान बनवणाऱ्यानंच तशी सूचना लिहून ठेवलेली असते. काही ताणली जातात, पण ओळ पडद्याबाहेर पळते. उजवीकडे सरकवा, डावीकडे आणा, पुढची ओळ शोधा. तोवर वाक्याचा आरंभ मनातून गेलेला असतो.

आत्याचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. त्यानंतर चारच दिवसांनी, ५ मे रोजी, जागतिक वेब संघानं सर्वांना वापरता येतील अशा पानांचे पहिले नियम जाहीर केले. पुढच्या आवृत्त्यांनी मापंही दिली. अक्षर दुप्पट केलं तरी मजकूर हरवू नये. साध्या अक्षराचा पार्श्वभूमीशी उठाव किमान ४.५ ला १ असावा. २०१८ पासून तर असंही की चौपट मोठं केलं तरी ओळ पडद्याच्या रुंदीतच मोडावी. ३० एप्रिल २०२५ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तरीही संकेतस्थळावर स्कॅन करून चढवलेलं पत्र पानाच्या वरच्या, अक्षर मोठं करणाऱ्या 'अ+' बटणाला दाद देत नाही, कारण तो मजकूर नसून फोटो असतो. आणि ते बटणही किती बारीक! ज्याला ते हवं, त्यालाच ते सापडत नाही.

पोथीला एकच आकार होता. पडद्याला ज्याच्या-त्याच्या डोळ्याचा आकार घेता येतो, एवढी मोठी गोष्ट हाती आली आहे. ती अडवून ठेवण्याचा हक्क पान बनवणाऱ्याला कुणी दिला?

आत्याच्या फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर सगळ्यात मोठं केलं, काळ्यावर पांढरं ठेवलं. ही सेटिंग मानणारं एक साधं पान हळदीच्या भावासाठी सापडलं. एका वेळी तीन-चारच ओळी मावतात. परवा तिनं हळदीच्या कांडीचा भाव स्वतः वाचला, मला फोन केला आणि म्हणाली, "मोंढ्यात भाव उतरलाय. पोती दारातच राहू दे, आठवडाभर काय बी विकायचं नाही."