काय हाय तिकरं?

उरणच्या आमच्या गच्चीवरून रात्री ओएनजीसीची ज्योत दिसते आणि दिवसा द्रोणागिरीचा डोंगर. त्यावर किल्ला आहे हे लहानपणापासून ऐकत होतो. चढलो मात्र चाळिशी उलटल्यावर. आदल्या दिवशी करंजाच्या आत्याला सांगितलं, तर म्हणाली, "काय हाय तिकरं बाला? दगरं."

तिच्या लेखी तो डोंगर म्हणजे मारुतीने संजीवनी नेताना पडलेला तुकडा आणि द्रोणागिरी देवीचं ठाणं. किल्ला वगैरे रिकामटेकड्यांचं काम!

डिसेंबरातली सकाळ होती. करवंदीच्या जाळ्यांनी हाताला ओरखडे काढले, वाळलेल्या गवतावरून दोनदा घसरलो. वर पोचलो तर आत्याचं म्हणणं निम्मं खरंच निघालं. ढासळलेली तटबंदी, हिरव्या पाण्याचं टाकं आणि पोर्तुगिजांच्या चर्चचे अवशेष. दोन भिंतींच्या सांध्यात पिंपळाचं मूळ मनगटाएवढं जाड झालेलं. त्याने भिंत फोडली होती आणि आता तीच भिंत त्याच्या आधाराने उभी होती. चुन्यावर नख घासलं, तर शिंपल्याची कपची सुटून तळहातावर आली. गिलावा शाबूत राहिला होता तिथे बदामात कोरलेली नावं.

एवढ्याशा जागेसाठी केवढी खटपट! 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसईचा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि पुढे करंजा बेटावरही त्यांचाच अंमल बसला. उरण-करंजा तेव्हा एकच बेट होतं; खाड्या भरत गेल्या आणि ते जमिनीला चिकटलं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या धामधुमीत बेट मराठ्यांकडे आलं. 1774 च्या सुमारास इंग्रजांनी हात मारला आणि 1782 च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरीबरोबर करंजाही स्वतःकडे ठेवून घेतलं. पुण्या-कलकत्त्याच्या कारभाऱ्यांना या टेकाडाचं काय पडलं होतं, हे शाळेत कधी कळलं नव्हतं.

तटावर बसल्यावर पाच मिनिटांत कळलं. समोर मुंबई बंदराचं सगळं तोंड उघडं पडलेलं. उत्तरेला घारापुरी, अलीकडे न्हावा-शेवाच्या क्रेन, त्यांच्यापलीकडे धुरकटात अटल सेतूची रेघ. दक्षिणेला धरमतरची खाडी आणि पलीकडे रेवस. इथून बंदरात कोण शिरलं, कोण बाहेर पडलं, सगळं बसल्या जागी दिसतं. दगडांना मोल नव्हतंच. मोल होतं या नजरेला.

एक कंटेनर जहाज शेव्याकडे सरकत होतं. कंटेनरांच्या चवडीवर चवड, मोजता मोजता हिशेब चुकला. मग करंजाकडे परतणाऱ्या होड्या मोजू लागलो. किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याची नोकरीच जणू मी तासभर केली. उन्हं चढली तेव्हा सतरा होड्या खाडीत शिरल्या होत्या.

संध्याकाळी आत्याकडे गेलो. ती ओट्यावर सुकट निवडत होती. तिचा धाकटा चार दिवसांपासून दर्यावर.

"मंग, दगरं बघलीस?"

"बघली. आणि होड्याही मोजल्या. सतरा आल्या."

तिचा हात सुपात थांबला.

"आपली व्हती का?"

इतक्या उंचावरून होड्या मोजता येतात, ओळखता येत नाहीत. मी गप्प राहिलो. तिने सूप बाजूला ठेवलं आणि ती धक्क्याकडे निघाली.