मदत कोणाच्या नावे?

अतिवृष्टीने पीक बुडाल्यावर सरकार शेतकऱ्यास जे द्रव्य देते, त्याविषयी आमच्या मूर्तिजापुरात होणारी चर्चा बहुधा रकमेपाशीच थांबते. रक्कम लहान आहे हे खरेच. कोरडवाहू पिकास हेक्टरी 8,500 रुपये हा केंद्राच्या निकषांतील दर. 2025-26 च्या हमीभावाने त्याचे दीड क्विंटलाहून थोडेसेच अधिक सोयाबीन येते. राज्य सरकार कधी त्यात भर घालते, कधी ती काढून घेते. परंतु आम्हांस निराळीच गोष्ट सलते. ही मदत पोचते कोणाकडे?

2025 च्या खरिपात ती आमच्याकडे आली. तालुक्यात आमचे वडिलोपार्जित दोन हेक्टर वावर आहे. आमचा जन्म कॉलेजात इंग्रजी काव्य शिकविण्यात गेला; वखर-डवऱ्याशी आमचा संबंध ऐकीव. वावर आम्ही एका गृहस्थास मक्त्याने दिले आहे. मक्त्याची रक्कम पाडव्यालाच रोख आमच्या पदरात पडते. पुढे बियाणे, खत, फवारणी, निंदण हा सारा खर्च त्याचा, आणि पाऊसही त्याच्याच नशिबाचा. सप्टेंबरात सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले, त्यात आमचे एका पैचेही नुकसान झाले नाही. पण तलाठी (ह्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे असते) पंचनाम्यास आले तेव्हा चिखलात उभा होता तो, आणि यादीत नाव चढले आमचे. कारण सातबारा आमचा. पीक तेहतीस टक्के वा अधिक गेले की नाही, हे पाहण्याचा नियम आहे. कोणाचे गेले, हे पाहण्याची सोय त्या यादीत नाही. पुढे आम्ही सेतू केंद्रात अंगठा टेकविला आणि 17,000 रुपये आमच्या खात्यात जमा झाले.

1899-1900 च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडावयास जो येई त्यास मजुरी मिळे. ती व्यवस्था निष्ठुर होती, तिचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. 1972 च्या दुष्काळातही लक्षावधी लोक अशाच कामांवर जगले. तेथे मनुष्याचे हात पाहिले जात, उतारा नव्हे.

मक्ता कागदावर का लिहीत नाही, असे वाचक विचारतील. 1951 चा वऱ्हाडातील शेतजमिनीच्या पट्ट्यांचा कायदा आणि 1958 चा विदर्भाचा कुळकायदा, ह्यांनी कसणाऱ्यास हक्क दिले. हेतू स्तुत्यच होता. परंतु तेव्हापासून जमीनमालकाच्या मनात कूळ लागण्याची जी धास्ती बसली, ती आमच्या घरीही वारशाने आली आहे. म्हणून मक्ता तोंडी, आणि दर साली नवा. ज्या कायद्याने कसणाऱ्याचे नाव कागदावर यावयाचे, त्याच्याच भीतीने ते कागदावरून गेले.

आम्ही रक्कम बँकेतून काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने हात लावला नाही.

"सर, पैसे तुमच्या नावानं आले. मी घेतले तं उद्या लोक म्हनतीन, यानं वावरावर हक्क सांगतला. मंग पुढच्या साली मले कोन वावर देईन?"

आमच्या भीतीची दुसरी बाजू अशी प्रथमच आमच्यासमोर बसली होती. आम्ही पुष्कळ समजाविले. उसने म्हणून तरी ने, असेही म्हटले. अखेर त्यानेच तोड काढली: "येत्या पाडव्याच्या मक्त्यातून कापून घ्या." त्यात पुढील सालचे वावर त्यालाच राहील हेही आमच्याकडून त्याने अलगद वदवून घेतले, आणि ह्या चातुर्याचे आम्हांस कौतुक वाटले.

मात्र हरभरा तेव्हाच पेरावयाचा होता आणि पाडवा त्याच्या काढणीनंतरचा. बियाणे त्याने कृषी केंद्रातून उधारीवर नेले.