गायमुखाच्या वाटेवर : लेखांक पहिला

करडी, माघ वद्य द्वादशी

वैनगंगेच्या पूर्वतीरावरील हे गाव मोहाडी तालुक्यात मोडते. धान निघालेल्या बांध्यांतून लाखोरी उभी आहे, आणि महाशिवरात्र समीप आल्यामुळे ज्याच्या त्याच्या तोंडी गायमुखाचीच गोष्ट आहे. सातपुड्याच्या रानातील ती धार व तिचे कुंड समस्त शिवभक्तांचे तीर्थ खरेच. परंतु शंभूमहादेवाला आपल्या कुळाचा देव मानणाऱ्या गोंडांचा त्या पाण्याशी जो जिव्हाळा आहे, तो समक्ष पाहावा म्हणून मी निघालो आहे.

मोहाडी, त्रयोदशी

नदी ओलांडून आलो. चौंडेश्वरीचे दर्शन घेतले. देवळाशेजारून वाहणाऱ्या नदीचे नावही गायमुखच.

गायमुख, महाशिवरात्र

पहाटेपासून त्रिशूळ घेतलेले पोहे, म्हणजे यात्रेकरूंचे जथे, महादेवाचा गजर करीत उतरत होते. कुंडाकाठी एक वृद्ध गोंड स्त्री आली. तिने वहाणा दूर काढल्या, ओंजळभर पाणी प्रथम कपाळी व मग डोळ्यांना लावले, आणि तेवढे झाल्यावरच पाऊल आत घातले. मी उतरू लागताच ती म्हणाली, “भाऊ, पयले पानी कपाराले लावा, मंग उतरा.” मी तसेच केले. पाणी हाडापर्यंत थंड होते.

जवळच्या आंबागडाचा किल्ला इ. स. १७०० च्या सुमारास, देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहाच्या अमलात, राजाखान पठाणाने बांधविला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेला. राजवटी बदलल्या आणि किल्ला ओस पडला, परंतु कुंडावर येणाऱ्यांची रीघ कोणाच्या हुकुमाने लागलेली नव्हती, म्हणून ती खंडितही झाली नाही.

दुपारी मात्र काही तरुण मंडळी साबणाच्या वड्या घेऊन त्याच पाण्यात सूर मारू लागली, तेव्हा मन विषण्ण झाले. अशा वेळी ऑस्ट्रेलियातील उलुरूची आठवण झाली. हा प्रचंड खडक तेथील अनंगू आदिवासींना पवित्र. त्यांच्या इच्छेला मान देऊन २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढण्यास कायमची मनाई झाली. गायमुखाला असा कायदा लागावा, असे माझे मागणे नाही, कारण येथे स्नान हीच पूजा आहे. पण ज्यांचे हे दैवत आहे त्यांची रीत येथे येणाऱ्या प्रत्येकाने पाळावी, हे मी निक्षून सांगतो. वाचकहो, गायमुखाला अवश्य या. वहाणा काठापासून दूर काढा, साबण घरीच ठेवा, आणि उतरण्यापूर्वी पाणी कपाळी लावा.