कोल्ह्याची शिकार आणि वाघाचे सामान

‘कोल्ह्याच्या शिकारीला जायचे तर वाघाच्या शिकारीचे सामान घ्यावे’ ही म्हण मी वर्गात कैक वर्षे समजावून देत आलो आहे. तिचा खरा पारखी मात्र मला वर्गात भेटला नाही. तो भेटला वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातल्या एका शिवारात.

मराठीच्या माणसाला वाशीम परके नाही. हेच प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथल्या सर्वसेन राजाने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. १९९८ साली अकोल्यातून वेगळा निघून वाशीम जिल्हा झाला. बालाजीचे दर्शन घ्यावे, पद्मतीर्थाच्या काठी घटकाभर बसावे, आणि मग गावाबाहेर पडावे. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघालेले असते, तूर कमरेच्या वर आलेली असते आणि कपाशी फुटू लागलेली असते. दिवस मावळला की ओढ्याच्या अंगाने कोल्हेकुई सुरू होते आणि घरोघरची माणसे कांबळे-बॅटरी घेऊन जागलीला निघतात.

माझ्या मेव्हण्यांची शेती या भागात आहे. यंदा गेलो तेव्हा घरात एकच विषय होता: बंदूक कोणती घ्यावी? रानडुकरांनी एका रात्रीत भुईमुगाचे वावर उकरून टाकले होते. रोह्यांचा कळप तुरीत शिरे तो वेगळाच. चिरंजीवांना रायफल हवी होती. अमेरिकेत कायोटी नावाचा कोल्ह्याचा भाऊबंद आहे; मोकळ्या माळावर दोनतीनशे पावलांवरून त्याला टिपणारे शिकारी चिरंजीवांनी मोबाईलवर पाहिले होते. तिकडे त्यासाठी .२२३ सारखी हलकी, वेगवान गोळीची रायफल पसंत करतात. “आपण .३१५ घेऊ, म्हणजे कोल्ह्यापासून रोह्यापर्यंत सगळ्यांचं काम भागेल,” असे त्यांचे म्हणणे. म्हणजे आमच्या म्हणीचाच आधार!

घरात जुनी बारा बोअरची दुनळी आहे. तिचे परवानेदार काका. वय ऐंशीच्या घरात. ते शांतपणे ऐकत होते. रात्री मला म्हणाले, “जवाईबापू, चला, जरा फिरून येऊ.”

आम्ही धुऱ्यावर उभे राहिलो. सगळीकडे काळोख, आणि त्यात लांबवर मिणमिणते दिवे.

“मोजा,” काका म्हणाले.

मी मोजले. सात होते.

“हरेक दिव्याखाली मानूस हाय. कोनाचा पोरगा, कोनाची बाई. आता सांगा, रायफलीची गोयी कोन्या अंगानं सोडता?”

काकांनी मग हिशेब सांगितला. बारा बोअरच्या बारीक छर्ऱ्यांचा जोर तीसचाळीस मीटरनंतर ओसरू लागतो. रायफलीचे तसे नाही. साधी .२२ ची गोळीसुद्धा चुकली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, .३१५ ची त्याहून पुष्कळ पुढे. डोंगरउताराला गोळी मातीत तरी रुतते. सपाट शिवारात तिला अडवायला काही नसते. म्हणून बंदूक निवडताना जनावर किती मोठे याच्या आधी, नेम चुकला तर गोळी कुठे जाईल, हे पाहायचे.

कायद्याचा रोखही थोडाफार असाच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, रायफलीची नाही. आणि हाती बंदूक आली म्हणजे शिकारीची मुभा मिळाली, असेही नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कोल्ह्याला संरक्षण आहे. रानडुक्कर व रोही यांच्यासाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये परवानगीची पद्धत ठरवून दिली. वनखात्याच्या परवानगीवाचून त्यांनाही हात लावता येत नाही.

कोल्ह्याचा विषय निघाला तेव्हा काका हसले. “त्याले कायले मारता? काकडी खाते, बोरं खाते, मान्य हाय. पन उंदरं कोन खाते?” कोल्हा काकडीला राजी, ही म्हण आपण हिणवण्यासाठी वापरतो; शेतकऱ्याच्या दृष्टीने ती कोल्ह्याची चांगली शिफारस आहे. ज्या जिल्ह्याने कारंजा-सोहोळला काळविटांसाठी अभयारण्य राखले, तिथे कोल्ह्यालाही ओढ्याकाठी एक बीळ परवडायला हरकत नाही.

चिरंजीव दोन दिवस रुसले. अखेर रायफलीचे पैसे सौर कुंपणाकडे वळवायचे ठरले. या कुंपणाच्या तारेतून क्षणाक्षणाने हलका झटका बसतो. जनावर बिचकून मागे फिरते, मरत नाही. घरची वीज तारेत सोडणे मात्र कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यात जनावरांबरोबर माणसेही मेली आहेत. काकांनी ही गोष्ट चिरंजीवांकडून दोनदा वदवून घेतली.

पूर्वजांनी वाघाचे सामान घ्यायला सांगितले, तेव्हा शिवारांच्या मध्ये रान होते. आता शिवाराला शिवार लागून आहे आणि प्रत्येक धुऱ्यापलीकडे कुणीतरी जागे आहे. पुढल्या वर्षी ही म्हण शिकवताना मी फळ्यावर आधी सात दिवे काढणार आहे.